गेमचं संगीत म्हणजे साथसंगत: पहिल्या लूपपासून पहिल्या बिलापर्यंत

कीर्तनात बुवा आख्यानात रंगले की ते पुढच्या चरणावर कधी येणार हे तबलजीला ठाऊक नसतं. दोन मिनिटं लागतील, दहाही लागतील. तो बुवांच्या हाताकडे डोळा ठेवून ठेका धरून बसतो आणि इशारा मिळाला की त्याच आवर्तनात सम गाठून देतो. व्हिडिओ गेमला संगीत देणाऱ्याचं कामही हेच. फक्त इथे बुवांच्या जागी खेळणारा असतो, आणि ऐन वेळी तुम्ही तिथे हजर नसता. कुठल्या इशाऱ्याला काय वाजायचं हे सगळं आधीच बांधून द्यावं लागतं.

हे सुरुवातीलाच सांगायला कारण आहे. ‘गेम म्युझिकमध्ये करिअर करायचंय’ म्हणून जी मुलं मला आपलं काम ऐकवतात, त्यांतल्या बहुतेकांकडे तीन मिनिटांचा एक दणदणीत ऑर्केस्ट्रा असतो. चांगला असतो. पण तो ट्रेलरचा असतो: संथ सुरुवात, चढ, कळस, धडाम. खेळणारा मध्येच एका झाडामागे वीस मिनिटं लपून बसला तर त्या कळसाचं काय करायचं? याचं उत्तर ज्याच्या कामात दिसतं त्याला काम मिळतं, म्हणून हा लेख त्या उत्तराभोवतीच फिरणार आहे.

आधी कान तयार करा

१९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये संगीत म्हणजे खाली उतरणारे चार खर्जातले सूर, बास. पण परग्रहवासी जवळ येतात तसे ते सूर जलद होत जातात आणि खेळणाऱ्याच्या छातीत धडधड सुरू होते. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी कोजी कोंदो यांच्या हाताशी निन्टेन्डोच्या यंत्रातले पाच ध्वनिमार्ग होते. त्यांतले सुरांसाठी जेमतेम तीन, आणि उड्या-नाण्यांचे आवाजही त्यांतूनच काढायचे. घड्याळात शंभरपेक्षा कमी उरले की तीच चाल दुगुणीत निघाल्यासारखी वाटते, आठवतंय ना? पुढे १९९१ मध्ये ‘मंकी आयलंड २’साठी मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी आयम्यूज नावाची यंत्रणा वापरली. तिच्यामुळे एका दुकानातून दुसऱ्यात शिरलं की वाद्यं बदलतात, पण ताल कुठेच तुटत नाही. आज आपण जे करतो त्याची बीजं या तिन्हींत आहेत.

पहिला अभ्यास असा: तीन गेम घ्या, एक जुना, एक मोठ्या बजेटचा, एक मोबाइलवरचा. हेडफोन लावून प्रत्येक एक तास खेळा आणि वहीत चार रकाने करा. काय घडलं, संगीतात काय बदललं, किती वेळात बदललं, आणि सांधा ऐकू आला का. मग सेटिंगमध्ये जाऊन संगीत बंद करा आणि तोच भाग पुन्हा खेळा. काय हरवलं ते लिहा. कधीकधी काहीच हरवत नाही, उलट बरं वाटतं. तेही लिहा.

सामान

यावर लोक सहा-सहा महिने घालवतात, म्हणून मी थोडक्यात उरकतो. १६ जीबी मेमरीचा संगणक, दोन सप्तकांची, संगणकाला जोडायची छोटी पेटी म्हणजे मिडी कीबोर्ड, बरे बंद हेडफोन. ध्वनिमुद्रणासाठी रीपर हे सॉफ्टवेअर घ्या: साठ दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना साठ डॉलरला मिळतो. गेमच्या जगात ते भरपूर वापरलं जातं, कारण शंभर छोट्या फायली एका झटक्यात, नावांसकट काढून देतं. महागड्या ऑर्केस्ट्रा लायब्रऱ्या, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या वाद्यांचे संच, नंतर. तुम्हाला पेटी, तबला, बासरी, संबळ, काहीही खरं वाजवता येत असेल किंवा वाजवणारा मित्र असेल, तर तेच तुमचं भांडवल. विकतच्या लायब्ररीतले सूर जगात सगळ्यांकडे असतात. तुमच्या गल्लीतल्या संबळवाल्याचा हात कुणाकडेच नसतो.

पहिला लूप

एक काल्पनिक प्रसंग घेऊ आणि पुढे तोच वापरू. रात्रीची वेळ, एक गड, खेळणारा पहारेकऱ्यांची नजर चुकवून वर चढतोय. चौताल धरू: बारा मात्रा, दोन-दोन मात्रांचे सहा विभाग. लय मिनिटाला ९६ मात्रा. म्हणजे एक आवर्तन साडेसात सेकंदांचं आणि आठ आवर्तनं बरोबर साठ सेकंदांची. हा झाला लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहणारा तुकडा.

आता पहिला सापळा. लूप संपताना शेवटच्या सुराची गुंज हवेत असते. फाइल बाराव्या मात्रेला कापली तर ती गुंज तुटते आणि समेवर ठेच लागल्यासारखं होतं. उपाय जुना आणि फुकट आहे. टाइमलाइनवर तोच लूप सलग दोनदा मांडा, सोळा आवर्तनं. फाइल काढताना फक्त नवव्यापासून सोळाव्यापर्यंतची घ्या. पहिल्या फेरीची गुंज दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला आपसूक येऊन बसलेली असते. आता ही फाइल स्वतःला कितीही वेळा जोडा, सांधा सापडणार नाही. मात्र गेममध्ये संगीत अगदी पहिल्यांदा सुरू होताना ती गुंज आगंतुक वाटते, म्हणून पहिल्या फेरीची वेगळी फाइलही काढून ठेवा.

दुसरा सापळा एमपीथ्रीचा. या प्रकारात आवाज ११५२ नमुन्यांच्या तुकड्यांत बांधला जातो आणि सुरुवातीला-शेवटाला थोडी शांतता चिकटते. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर, एक तुकडा २४ मिलिसेकंदांचा. ऐकताना एवढीशी फट, पण ठेक्यात ती लंगडी मात्रा होऊन बसते. लूपसाठी एमपीथ्री देऊच नका. स्टुडिओला वेव्ह, म्हणजे न आवळलेली फाइल द्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. गेमच्या आत ते बहुधा ऑग व्हॉर्बिसमध्ये आवळतील. स्टीरिओ वेव्ह मिनिटाला सुमारे १७ एमबी खाते, तर १२८ केबीपीएसचं ऑग १ एमबीच्या आसपास. मोबाइल गेमचा प्रोग्रामर ‘संगीत छोटं करा’ म्हणून मागे लागतो तो या हिशोबामुळे, तुमच्यावर राग आहे म्हणून नव्हे.

तिसरा सापळा तांत्रिक नाही, आणि तोच सगळ्यात वाईट. साठ सेकंदांचा लूप अर्ध्या तासात तीस वेळा वाजतो. मैफलीत दाद घेणारी तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन गाठलेली सम, दहाव्या फेरीला टोचायला लागते. म्हणून ठसठशीत जागा लूपमध्ये एकच ठेवा, तीही मध्येच कुठेतरी, समेवर नको. आणि एक युक्ती: बासरीची विरळ ओळ वेगळ्या फाइलमध्ये पाच आवर्तनांची करा. ठेका आठांचा, बासरी पाचांची. दोन्ही एकत्र फिरायला लागले की तीच जुळणी चाळीस आवर्तनांनी, म्हणजे पाच मिनिटांनी परत येते. तुम्ही लिहिलं एकूण शंभर सेकंदांपेक्षा कमी, खेळणाऱ्याला वाटतं पाच मिनिटांचं. तालाच्या हिशोबात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

थर, वळण आणि थाप

गडाचा प्रसंग पुढे नेऊ. पहिला थर तंबोऱ्याची गुंज आणि बासरी. दुसरा थर पखवाज, बोटांनी, दबका. तिसरा संबळ आणि तुतारी. तिन्ही थर एकाच वेळी सुरू होतात आणि फिरत राहतात. फक्त कुणाचा आवाज उघडा, कुणाचा बंद, एवढंच बदलतं. ठरवणारी किल्ली म्हणजे ‘धोका’ नावाचा एक आकडा, शून्य ते शंभर. तो प्रोग्रामर पुरवतो. तिसाच्या खाली पहिला थर, तिसाच्या वर पखवाज, सत्तरच्या वर संबळ.

कागदावर सुंदर दिसतं. प्रत्यक्षात पहारेकरी नेमका तिसाच्या सीमेवर येरझाऱ्या घालतो आणि पखवाज उघड-बंद, उघड-बंद होत राहतो. नळाला हवा आल्यासारखं. यासाठी चढ वेगळा आणि उतार वेगळा ठेवायचा: पखवाज तिसाला उघडतो, पण बंद होतो पंधराला, तोही सहा-सात सेकंदांत विरत. भीती पटकन चढते आणि हळूहळू उतरते, माणसातही असंच असतं.

दुसरी पद्धत वळणाची: थर न उघडता एक तुकडा सोडून दुसऱ्या तुकड्यावर जायचं. लढाई सुरू झाली, आता वेगळी चाल. समेवर वळलो तर सांधा सुरेख, पण समेपर्यंत साडेसात सेकंद लागू शकतात, आणि तेवढ्यात खेळणारा मेलेला असतो. इथे विभाग कामी येतात. दर दोन मात्रांनी वळायची मुभा दिली तर जास्तीत जास्त सव्वा सेकंद थांबावं लागतं. आणि तेवढाही वेळ झाकायला एक थाप ठेवा, संबळेचा एकच कडाका, जो पहारेकऱ्याने पाहिल्या क्षणी, तालाची वाट न बघता वाजतो. खेळणाऱ्याला वाटतं संगीताने लगेच दखल घेतली. खरी लढाईची चाल त्या थापेच्या आडून येते. या थापेला धंद्यात स्टिंगर म्हणतात.

हे सगळं बांधायची दोन प्रमुख सॉफ्टवेअरं आहेत, एफमॉड आणि वाइज. दोन्ही शिकायला मोफत आणि छोट्या बजेटच्या गेमला परवानाही फुकट मिळतो. एफमॉड आधी घ्या. ते ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरसारखंच दिसतं, त्यामुळे बिचकायला होत नाही. वर सांगितलेला ‘धोका’ तिथे पॅरामीटर म्हणून बनवायचा, प्रत्येक थराच्या आवाजाला जोडायचा, आणि तो आकडा किती वेगाने सरकेल हे ठरवायला सीक स्पीड नावाची सोय आहे. मग माउसने आकडा वर-खाली करून तासभर ऐकत बसा. मोठ्या स्टुडिओंच्या जाहिरातींत वाइज जास्त दिसतं, तेव्हा दुसरं ते. युनिटी किंवा अनरिअल यांतलं एक इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, निदान एवढं यावं की दार उघडल्यावर आवाज वाजवता येईल. यासाठी प्रोग्रामर व्हायची गरज नाही, पण प्रोग्रामरशी बोलता येणं ही अर्धी नोकरी आहे.

मिश्रणाबद्दल, म्हणजे मिक्सिंगबद्दल एवढंच. संगीत एकटं ऐकून आवाज ठरवू नका. त्यावर संवाद, पावलं, तलवारी येणार आहेत. सोनीची शिफारस घरच्या कन्सोलसाठी संपूर्ण गेम मिळून −२४ लफ्सच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) आसपास आणि हातातल्या यंत्रासाठी −१८ अशी आहे. यूट्यूबवरच्या गाण्यांच्या मानाने हे खूपच शांत. आणि मोबाइल गेम असेल तर फोनच्याच स्पीकरवर ऐका, शक्यतो चालत्या रिक्षात. पखवाजाचा डावीकडचा घुमारा तिथे पार गायब होतो. उरते फक्त उजवी बाजू, आणि ठेका तिच्यावर उभा राहतोय का ते तिथेच कळतं.

दाखवायला काम कुठून आणायचं

गेम जॅममधून. अनोळखी लोक दोन-तीन दिवसांत एक छोटा गेम बनवतात, संगीतकाराची जवळपास प्रत्येक गटाला गरज असते. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर जानेवारीत होते आणि भारतातल्या अनेक शहरांत तिची केंद्रं असतात. लुडम डेअर ऑनलाइन आहे, तीही २००२ पासून. पहिल्या जॅममध्ये तुमचं काम भिकार होईल. माझंही झालं होतं: शेवटच्या रात्री तीन वाजता चार मिनिटांची रचना पाठवली, आणि गेम नव्वद सेकंदांत संपत होता. वर्षाला चार जॅम केल्या तर वर्षअखेरीस तुमच्याकडे चार खेळता येण्याजोगे गेम असतात, आणि चार प्रोग्रामर, ज्यांना तुम्ही वेळेत फायली दिल्यात. पुढची कामं बहुतेक याच लोकांकडून येतात.

दाखवायची चित्रफीत दोन मिनिटांची ठेवा. पहिल्या दहा सेकंदांत सगळ्यात चांगलं काम. नुसतं गाणं नको. खेळ चालू असताना संगीत बदलतंय हे पडद्यावर दिसलं पाहिजे, कोपऱ्यात एफमॉडचा आकडा सरकताना दाखवला तर फारच छान. दुसऱ्यांच्या प्रसिद्ध गेमच्या दृश्यावर आपलं संगीत चढवलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

काम कुठे आहे

खरं सांगायचं तर भारतात ‘संगीतकार हवा’ अशी पगारी जागा क्वचित निघते. निघतात त्या साउंड डिझायनरच्या. पुण्यात आणि मुंबईत युबिसॉफ्टचे स्टुडिओ आहेत, सुपरगेमिंग पुण्याचं, ‘लुडो किंग’ बनवणारं गेमेशन नवी मुंबईचं. दार आहे, पण ते आवाजाच्या कामाचं आहे: पावलं, बटणं, दारं, वारा. ते काम कमी प्रतीचं मानू नका. दोन वर्षं पगार मिळतो आणि गेम आतून कसा बनतो ते कळतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या ध्वनीच्या अभ्यासक्रमात सिनेमाचंच शिक्षण मिळतं, पण तिथे तयार झालेला कान इथेही चालतो.

संगीताची कामं बहुतेक फ्रीलान्स आणि सीमा न पाहणारी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ काढला. प्राचीन भारतात घडणारी गोष्ट, देवळं, दुर्गा, विष्णू, सगळं आपलं. संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं. ही बातमी ऐकून काही मित्र हिरमुसले होते. मला ती उमेद देणारी वाटते: पुण्याचा गेम अथेन्सच्या दिशेला जाऊ शकतो, तर फिनलंडचा गेम सांगलीला का येणार नाही? फक्त ‘मी भारतीय वाद्यं करतो’ एवढ्याच पाटीवर बसू नका, नाहीतर प्रत्येक वाळवंटाच्या दृश्याला तुम्हालाच सतार मागतील.

छोट्या स्टुडिओला लिहिताना मेल पाच ओळींची. त्यांचा गेम खेळल्याचा एक पुरावा द्या, एखादी जागा जिथे संगीत अडखळतं किंवा फार छान बसतं. एक दुवा. बस. गेमची घोषणा नुकतीच झालेली असताना लिहा. बाजारात यायला महिना उरलेला असेल तर संगीत कधीच ठरलेलं असतं.

घरच्यांना पटवायचं असेल तर हे हाताशी ठेवा: ‘सिव्हिलायझेशन ४’च्या ‘बाबा येतू’ या स्वाहिली गीताला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं, आणि २०२३ पासून गेमच्या संगीताला ग्रॅमीत स्वतंत्र विभाग आहे, पहिला मान स्टेफनी इकॉनोमू यांना. आमच्या घरी याचा काही उपयोग झाला नाही, पण तुमचं नशीब वेगळं असू शकतं.

दर आणि करार

दर सहसा तयार संगीताच्या मिनिटाला ठरतो. दुसऱ्याचा दर विचारण्याआधी स्वतःचा तळ काढा. समजा महिन्याचा खर्च ५०,००० आणि कामाचे दिवस २०. म्हणजे दिवस २,५०० चा. एका मिनिटाला रचना, दुरुस्त्या आणि एफमॉडची बांधणी धरून दोन दिवस लागतात, झाले ५,०००. पण वर्षातले निम्मे दिवस काम शोधण्यात जातात, त्यांचा खर्चही याच मिनिटांनी भरायचा. म्हणून १०,०००. याच्या खाली गेलात तर तुम्ही खिशातून पैसे घालताय. थर वेगळे देणार असाल तर तसं आधी सांगा. तीन थरांचं एक मिनिट हे एका मिनिटाचं काम नव्हे.

करार छोटा असला तरी चालेल, पण या गोष्टी हव्यातच: एकूण मिनिटं, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या आणि तिसरीचे वेगळे पैसे, आगाऊ रक्कम, श्रेयनामावलीत नाव कसं लिहायचं, आणि गेम मध्येच बंद पडला तर काय मिळणार. शेवटचं कलम मी एकदा विसरलो. चौदा मिनिटं संगीत दिलं, प्रकल्प गुंडाळला गेला, आणि आगाऊ घेतलेल्या रकमेवर समाधान मानावं लागलं. स्टुडिओची माणसं वाईट नव्हती. कागदावर काही नव्हतं, इतकंच.

हक्कांचं म्हणाल तर परदेशी स्टुडिओ बहुधा सगळे हक्क एकरकमी मागतात. द्यायला हरकत नाही, पण साउंडट्रॅक अल्बम स्वतः प्रसिद्ध करायची मुभा आणि काम दाखवायची परवानगी मागून घ्या. छोटे स्टुडिओ सहसा देतात. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो फक्त भारत. म्हणून समोरचा वकील ‘जगभर, कायमस्वरूपी’ असं आवर्जून घालतो. ते शब्द दिसले की दरही त्याच मापाचा हवा. पगारी नोकरीत केलेलं काम मात्र वेगळा करार नसेल तर मालकाचंच ठरतं. तुम्ही आयपीआरएसचे, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सदस्य असाल तर सार्वजनिक वादनाचे हक्क तुम्ही संस्थेकडे सोपवलेले असतात. सगळे हक्क विकण्याआधी हे समोरच्याला सांगा.

भारतीय स्टुडिओ बिलातून टीडीएस कापेल, त्याचा दाखला मागून ठेवा. परदेशातून पैसे आले की बँकेकडून आवक रकमेचं प्रमाणपत्र घ्या, आणि जीएसटी नोंदणी असेल तर निर्यातीसाठी एलयूटी, म्हणजे हमीपत्र भरा. पुढचं सीएला विचारा, मी संगीतकार आहे.

फायली देताना

नावं अशी ठेवा की सहा महिन्यांनी अनोळखी माणसालाही कळेल: गड, रात्र, थर दोन, ९६, लूप, आवृत्ती तीन. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ असं नको. प्रत्येक फाइल किती आवर्तनांची, कुठे वळायची मुभा, कुठली थाप कशाबरोबर, हे एका पानावर लिहून सोबत द्या. सगळे थर नमुन्यागणिक एकाच लांबीचे आहेत का ते दोनदा तपासा. पाच आवर्तनांच्या बासरीसारखा मुद्दाम वेगळा ठेवलेला असेल तर तसं त्या पानावर नमूद करा.

आणि काम संपल्यावर प्रत्येक वाद्याची ओळ कुठल्याही प्लगइनशिवाय (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या वाद्यां-इफेक्टांशिवाय) वाजेल अशी साध्या वेव्हमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवा. दोन वर्षांनी मेल येतो: गडाचा नवा बुरूज करतोय, तेच संगीत हवं, फक्त तुतारी नको आणि शेवटी चार आवर्तनं जास्त. तोवर तुमचा संगणक बदललेला असतो आणि निम्मे प्लगइन उघडत नाहीत.